मृत्युपत्र, वारस नोंद आणि कोकणातली मिळकत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतली कुटुंबं मृत्युपत्राबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. कायदा देशभर बहुतेक एकच असला, तरी कोकणातली मिळकत वेगळी आहे. लहान तुकडे, सामाईक सातबारा, कुळाची जमीन, मुंबईत एक खोली आणि गावच्या घरात पाच भावांचा गणपती. म्हणून उदाहरणं इथलीच घेतली आहेत. तुमच्या कागदांवर शेवटचा निर्णय घेण्याआधी ते एखाद्या दिवाणी वकिलाला जरूर दाखवा.

आमची मिळकत ती काय, एक कौलारू घर आणि थोडी कलमं. एवढ्यासाठी मृत्युपत्र कशाला?

मिळकत लहान असेल तर मृत्युपत्राची गरज उलट जास्त असते. शंभर एकरवाला वाटपात दोन एकर इकडे-तिकडे सोडू शकतो. आठ गुंठ्यांचं आगर आणि एक विहीर चौघांत वाटायची म्हटली, की प्रत्येक माड मोजला जातो. भाऊबंदकीची बरीच प्रकरणं पायवाट, गडगा (दगडी कुंपण), पाण्याचा पाट अशा गोष्टींवरून सुरू होतात. हे कोणी ठरवून ठेवलेलं नसतं आणि ठरवणारा माणूस निघून गेलेला असतो.

शिवाय जमिनीची किंमत आता पूर्वीची राहिलेली नाही. रस्त्यालगतचा कातळ, ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्याला गिऱ्हाईक यायला लागलं की विसरलेले हिस्सेदारही हजर होतात. त्यात त्यांची चूक नाही, हक्क त्यांचाच असतो. पण कोणाचा किती, हे लिहून ठेवलेलं असेल तर बोलणी तासाभरात संपतात. नसेल तर तारखा सुरू होतात.

मृत्युपत्र केलं नाही तर मिळकत कोणाला जाते?

हिंदू कुटुंबात हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू होतो. पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं असतील, तर आपल्या आईच्या किंवा वडिलांच्या जागी तीही येतात. आईला मुलाच्या मिळकतीत सुनेइतकाच हिस्सा मिळतो, हे अनेकांना माहीत नसतं. वडील मात्र या पहिल्या यादीत नाहीत.

बाईच्या मिळकतीचे नियम वेगळे आहेत आणि ते कठोर आहेत. ती मृत्युपत्राशिवाय गेली तर आधी मुलं आणि पती. मुलंही नाहीत आणि पतीही नाही, तर तिने स्वतः कमावलेली मिळकत पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. शिक्षिकेची नोकरी करून देवगडात घर बांधलेल्या, मूल नसलेल्या विधवेचं घर तिला कधी न विचारणाऱ्या दिरांकडे जाऊ शकतं आणि तिला सांभाळणाऱ्या बहिणीला काहीच मिळत नाही. मूल नसलेल्या बाईने तर एक दिवसही न दवडता मृत्युपत्र करावं, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

सातबारावर अजून आजोबांचंच नाव आहे. आधी काय करायचं?

आधी वारस नोंद. कोकणात मृत्युपत्राचं काम इथूनच सुरू होतं, कारण जे कागदावर तुमच्या नावाला जोडलेलं नाही ते पुढच्या पिढीच्या हातात नीट देता येत नाही.

समजा, सातबारावर आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ अशी तीन नावं आहेत आणि तिघंही वारले. आजोबांना चार मुलं, त्यातली एक मुलगी. तुमचे वडील त्या चारांपैकी एक, तेही गेले. तुम्ही तीन भावंडं. सर्वांचे हिस्से सारखे धरले तर त्या जमिनीत तुमचा वाटा तिसऱ्याच्या चौथ्याचा तिसरा, म्हणजे छत्तिसावा भाग. तुम्ही ‘गावची बाग मुलाला दिली’ असं मृत्युपत्रात लिहिलंत तरी मुलाला मिळतो तो हा छत्तिसावा भागच. बाग कोण कसतो, कलमं कोणी लावली, खत-फवारणीला पैसे कोणी घातले याला व्यवहारात वजन आहे, पण मालकीचा हिशेब त्यावरून होत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. प्रत्येक मृत व्यक्तीचा मृत्यू दाखला मिळवा. जुना असेल तर ग्रामपंचायतीत किंवा मुंबईत मृत्यू झाला असेल तर महापालिकेत शोधावा लागतो. मग वंशावळ काढा आणि त्यात मुलींची नावं गाळू नका. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज करा. फेरफार घातला जातो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त ठरते आणि सुनावणी होते. शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली ती मृत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं लावण्यासाठीच.

नावं लागली की वाटपाचा विचार करा. सर्व सहहिस्सेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो किंवा नोंदणीकृत वाटपपत्र करता येतं. एकमत नसेल तर दिवाणी दावा. वाटप लगेच जमलं नाही तरी मृत्युपत्र अडून बसत नाही. ‘गट क्रमांक अमुकमधील माझा अविभक्त हिस्सा’ असं लिहून तो देता येतो.

ही सगळी धावपळ लांबवण्याची किंमत काय असते, ते निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) आणि पुढच्या वर्षी तौक्तेनंतर दिसलं. नारळ-पोफळी आडव्या झालेल्या, पंचनामा झालेला आणि सामाईक खात्यामुळे इतर हिस्सेदारांची संमतीपत्रं गोळा करण्यासाठी मुंबई, पुणे, बडोदे असे फोन चाललेले. महामार्गाच्या भूसंपादनातही तेच. हिश्श्याबद्दल वाद असला की मोबदल्याच्या वाटणीचा प्रश्न न्यायालयाकडे जातो आणि पैसे असून कोणाच्या हाती लागत नाहीत.

सातबारावर नाव आहे म्हणजे मालकी झालीच ना?

नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकीचा वाद झाला तर निकाल दिवाणी न्यायालय देतं. घरपट्टीच्या उताऱ्याचं वजन तर त्याहून कमी. ग्रामपंचायतीचा नमुना आठ कराच्या आकारणीसाठी असतो. गावठाणातल्या घरांना स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका मिळत आहेत. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर कोणाकोणाची नावं लागली ते आत्ताच पाहून घ्या.

वडिलोपार्जित जमिनीचं मृत्युपत्र करता येतं का?

स्वतःच्या हिश्श्यापुरतं येतं. १९५६ च्या कायद्याच्या कलम ३० मुळे एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही मृत्युपत्राने देता येतो. दुसऱ्याचा हिस्सा मात्र देता येत नाही, मग तो मोठा भाऊ असो की कर्ता. आणखी एक बारकावा असा, की १९५६ नंतर वडिलांना त्यांच्या वडिलांकडून वारसाने मिळालेली मिळकत कित्येकदा कायद्याने वडिलांची स्वतःची धरली जाते. ‘आजोबांची’ म्हणून तिच्यात नातवाचा जन्मतः हक्क असतोच असं नाही. हे आजोबा कधी वारले, वाटप कधी झालं यावर ठरतं, म्हणून जुने फेरफार काढल्याशिवाय कोणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मुलींची लग्नं झाली, खर्च केला. आता त्यांना हिस्सा द्यावा लागतो का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून स्पष्टच लिहितो. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं, की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याचीही अट नाही. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही आणि हुंड्याला, दागिन्यांना किंवा जेवणावळीला वाटणी मानत नाहीत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपं तेवढी अबाधित आहेत. ‘तोंडी वाटप तेव्हाच झालं होतं’ या म्हणण्याला न्यायालय सहसा मान देत नाही.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र वडील आपल्या मर्जीने करू शकतात. मुलीला वगळण्याचीही मुभा आहे. पण तसं करण्याआधी एकदा विचार करा. आजारपणात रजा टाकून कोण येतं, चाकरमानी मुलगा की दोन गावं पलीकडे दिलेली मुलगी? माहेरवाशीण म्हणून जिला साडी-चोळी करायची, तिचं सातबाऱ्यावरचं नाव मात्र नको, हे आम्हाला पटत नाही.

हक्कसोडपत्राबद्दलही लोक फसतात. बहिणीने हक्क सोडायचा असेल तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच सुटतो. तलाठ्यासमोरच्या जबाबाने, शंभराच्या स्टॅम्पपेपरवरच्या सहीने सुटत नाही. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीतल्या ‘पुढे मिळणाऱ्या’ हिश्श्याचं मुलीकडून लिहून घेतलेलं काही उपयोगाचं नसतं, कारण तो हक्क तेव्हा तिला मिळालेलाच नसतो. आणि बहिणींनो, गणपतीत घाईघाईने समोर ठेवलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. प्रत घरी न्या, दोन दिवस घ्या. प्रेमाने सोडायचं असेल ते दोन दिवसांनीही सोडता येतं.

मृत्युपत्र लिहायचं कसं?

साध्या कागदावर, स्वतःच्या भाषेत. स्टॅम्पपेपर लागत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे करणारा सज्ञान आणि सुबुद्ध हवा, त्याने सही किंवा अंगठा करायला हवा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या करायला हव्यात. एवढं झालं की मृत्युपत्र झालं.

सुरुवातीला आपलं पूर्ण नाव, वय, पत्ता आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे वाक्य असावं. मग कुटुंबातल्या सर्वांची नावं आणि नातं, ज्यांना काही देणार नाही त्यांचीसुद्धा. एखाद्या मुलाला कमी दिलं असेल तर कारण एका ओळीत लिहा: ‘थोरल्या मुलास पनवेलच्या घरासाठी मी पूर्वी रक्कम दिली आहे’. अशी ओळ नंतरचा संशय दूर करते. त्यानंतर मिळकती. गावाचं नाव, तालुका, गट किंवा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, घर क्रमांक हे उताऱ्यावरून जसंच्या तसं उतरवा. ठेवी, दागिने, गाडी, बचतगटातली रक्कम, कर्ज, कोणाकडून येणं आहे ते. शेवटी ‘वर उल्लेख न केलेली उर्वरित सर्व मिळकत अमक्यास’ हे वाक्य. हे राहिलं की नंतर सापडलेल्या एका पासबुकासाठी पुन्हा वारसांची साखळी जोडावी लागते.

मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देणारा एक माणूस, म्हणजे व्यवस्थापक, नेमून ठेवा. तो वयाने तुमच्यापेक्षा लहान आणि सर्वांशी बोलता येणारा असावा. प्रत्येक पानावर सही, तारीख, ठिकाण. वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

कलमं, विहीर आणि वाट यांचं कसं लिहू?

मृत्युपत्रांचे छापील नमुने मिळतात, ते शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले असतात. त्यात विहीर नसते. इथे आपल्याला जास्त लिहावं लागतं.

जमीन दोन मुलांना द्यायची असेल तर हद्द डोळ्यांना दिसेल अशी लिहा. ‘बागेचा अर्धा भाग’ असं लिहिलं तर भांडण ठरलेलं. त्याऐवजी असं लिहिता येईल: ‘मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, यातील चिऱ्याच्या आडव्या गडग्याच्या वरचा भाग, त्यातील हापूसची कलमं व मांगरासह, धाकट्या मुलास; गडग्याखालचा भाग, नारळ-सुपारीच्या आगरासह, मुलीस. विहीर दोघांची सामाईक. पंपाचं वीजबिल व दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा. वरच्या भागातून आगराकडे जाणारी सध्याची बैलगाडीची वाट मुलीस व तिच्या वारसांस कायम खुली राहील.’ सोबत हाताने काढलेला नकाशा जोडला आणि त्यावर सही केली तर फारच चांगलं. शक्य असेल तर आधी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्या, कारण कागदावरचं क्षेत्र आणि गडग्याच्या आतलं क्षेत्र जुळेलच असं नसतं. फार बारीक तुकडे पाडू नका, तुकडेबंदी कायद्यामुळे त्यांची नोंद अडू शकते. एका मुलाला एक अख्खा गट आणि दुसऱ्याला दुसरा, हे बहुधा सोपं पडतं.

बाग ठेक्याने दिलेली असेल तर करार कोणाशी, किती हंगामांचा, आगाऊ रक्कम किती घेतली हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. मालक मार्चमध्ये गेला आणि आंबा झाडावर आहे, अशा वेळी त्या हंगामाचे पैसे कोणाचे हा प्रश्न लगेच उभा राहतो.

गावच्या घराबद्दलही तसंच. अनेकांना घर कोणा एकाचं व्हावं असं वाटत नाही, गणपती सगळ्यांनी तिथेच बसवावा असं वाटतं. मग घर सर्व मुलांच्या नावे सामाईक ठेवून कौलं शाकारणं, घरपट्टी, वीजबिल कोणी किती द्यायचं हे लिहा. नुसतं ‘सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावे’ लिहून घर टिकत नाही. दोन पावसाळे कोणी लक्ष दिलं नाही तर वासे कुजतात.

नोंदणी करावी लागते का?

सक्ती नाही, पण आम्ही करायला सांगतो. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदारांसह गेलात की नाममात्र शुल्कात होते. मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्राला आव्हानच देता येत नाही असं नाही, पण ‘हा कागद नंतर बनवला’ हा आरोप टिकणं कठीण होतं. मजकूर कोणाला कळू द्यायचा नसेल तर बंद लखोट्यात जिल्हा निबंधकांकडे जमा करण्याचीही सोय नोंदणी कायद्यात आहे.

साक्षीदार कोण असावेत?

ज्यांना मृत्युपत्राने काही मिळणार नाही असे. ख्रिस्ती कुटुंबात तर साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला हिस्साच रद्द ठरतो. हिंदूंना तो नियम तसा लागू नाही, तरी हिस्सा मिळणाऱ्याची साक्ष संशयाला जागा देते. पुढे वाद झाला तर किमान एका साक्षीदाराने न्यायालयात येऊन सांगावं लागतं, म्हणून ऐंशीच्या घरातले शेजारी नकोत. शाळेतले गुरुजी, डॉक्टर, पोस्टमास्तर, ज्यांचा पत्ता लागेल असे तिशी-चाळिशीतले निवडा.

मृत्युपत्रापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून मोकळं झालं तर?

घाई करू नका. बक्षीसपत्र नोंदवलं की मिळकत त्याच दिवशी गेली. मृत्युपत्र तुम्ही हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं आणि तोवर मालक तुम्हीच. मुलाला बँकेचं कर्ज हवं आहे, रिसॉर्ट काढायचं आहे म्हणून आईवडील बागेचं बक्षीसपत्र करून देतात आणि मग स्वतःच्या पडवीत पाहुण्यासारखे राहतात. करायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ व औषधपाणी करण्याच्या अटीवर’ हे वाक्य दस्तात असू द्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली तर न्यायाधिकरणाकडे दाद मागून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं.

सगळं पत्नीच्या नावे करावं की मुलांच्या?

हे तुम्ही ठरवायचं. पण पत्नीचं छप्पर आधी पक्कं करा. ‘पत्नीने हयातभर उपभोग घ्यावा, नंतर मुलांस’ असं लिहिलं तर तिला साधारणपणे राहण्या-वापरण्याचाच हक्क मिळतो, विकण्याचा नाही. उद्या दवाखान्याच्या खर्चासाठी तिला जमिनीचा तुकडा विकायचा असेल तर तिला मुलांच्या तोंडाकडे बघावं लागेल. आमचं मत असं, की निदान राहतं घर किंवा पुरेशी ठेव तरी तिला पूर्ण मालकीने द्यावी. आणि तिचंही मृत्युपत्र त्याच दिवशी करा. पती-पत्नीने दोन वेगळे कागद करावेत, एकत्र एक नको.

बँकेत नॉमिनी लावला आहे. मग मृत्युपत्राचं काय काम?

नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा. बँक त्याला रक्कम देऊन मोकळी होते, पण ती वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्या माणसाची राहते. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात थोडा फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई, वडील, पती, पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर हक्क त्यांचाच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. नॉमिनी आणि मृत्युपत्र एकाच माणसाकडे बोट दाखवतील असं पाहा. लग्नाआधी भावाचं नाव लावलेलं असतं आणि ते बदलायचं राहून जातं.

परळची पागडीची खोली मुलाला देता येईल का?

मालकीचा फ्लॅट असेल तर हो. पागडीच्या खोलीत तुम्ही भाडेकरू असता आणि भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवलं आहे. भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे जातो. गावी राहणाऱ्या भावाला खोलीत हिस्सा देण्याचं वचन या कारणाने पोकळ ठरतं. त्याला भरपाई द्यायची तर गावच्या मिळकतीतून द्या.

कुळाने मिळालेली जमीन, देवस्थानची जमीन, गावकीची जमीन?

कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनीवर ‘इतर हक्क’ रकान्यात कलम ४३ चा शेरा असतो. तिच्या हस्तांतरावर बंधनं आहेत. गुजरातच्या अशाच कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं, की शेतकरी नसलेल्या परक्या माणसाला मृत्युपत्राने जमीन देऊन ही बंधनं चुकवता येत नाहीत. वारसांना जाण्यात सहसा अडचण नसते, पण सांभाळणाऱ्या गड्याला किंवा मित्राला द्यायची असेल तर आधी वकील. देवस्थान इनामाची जमीन देवाची; वहिवाटदाराला ती मृत्युपत्राने देता येत नाही. आंबोली, गेळे, चौकुळ इथल्या कबुलायतदार गावकर (म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक) जमिनींचा प्रश्न स्वतंत्र आहे. जोपर्यंत तुकडा तुमच्या नावावर लागलेला नाही, तोपर्यंत तो मृत्युपत्रात ‘माझ्या मालकीचा’ म्हणून लिहू नका.

होडी आणि जाळी?

ती जंगम मिळकत, मृत्युपत्राने देता येते. नौकेचा नोंदणी क्रमांक, इंजिन, जाळी, संस्थेतलं सभासदत्व आणि कर्ज हे सगळं लिहा. मासेमारी परवाना आणि डिझेल परतावा वारसाच्या नावावर होईपर्यंत अडू शकतो. हर्णै असो की मालवण, ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होण्याआधी कागद पुरे झाले नाहीत तर नौका किनाऱ्यावरच राहते आणि खलाशांचा रोजही बुडतो. पावसाळ्यातल्या बंदीच्या काळात हे काम उरका.

आम्ही मुसलमान आहोत. आम्हाला हेच नियम आहेत का?

नाही. मुस्लिम व्यक्तीला दफनखर्च आणि कर्ज वजा जाता मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते. त्याहून जास्त द्यायचं किंवा सुन्नी कुटुंबात एखाद्या वारसालाच वसीयतीने द्यायचं, तर इतर वारसांची संमती लागते, आणि तीही मृत्यूनंतरची. उरलेलं शरियतप्रमाणे वाटलं जातं. आखातात कमावून चिपळूण, खेड, म्हसळ्याकडे घरं बांधणाऱ्या कुटुंबांत पैसा एकाचा आणि सातबारा वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर, असं फार आढळतं. घर ज्याच्या पैशाचं त्याच्या नावावर आधी करा, नाहीतर ते वडिलांच्या वारसांत वाटलं जाईल. ख्रिस्ती कुटुंबांनी लक्षात ठेवावं, की लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं.

आणि गोव्यातली मिळकत?

तिथे पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा नागरी कायदा चालतो. पती-पत्नीची मिळकत साधारणपणे निम्मी-निम्मी आणि मुलांसाठी अर्धा हिस्सा राखीव असतो, तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीच्या ज्या घरांची सोयरीक आणि जमीन पेडणे-डिचोलीत आहे, त्यांनी तिथल्याच वकिलाचा सल्ला घ्यावा.

भावाला मुखत्यारपत्र दिलं आहे. ते पुरेल का?

मुखत्यारपत्र देणारा गेला की साधारणपणे ते त्याच क्षणी संपतं. त्यानंतर भावाने त्यावर सही करून जमीन विकली तर तो व्यवहार टिकत नाही. मुखत्यारपत्र जिवंतपणीच्या सोयीसाठी, पश्चात मृत्युपत्र.

मृत्यूनंतर प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) घ्यावं लागतं का?

कोकणात राहणाऱ्याने केलेल्या आणि इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला ते सहसा लागत नाही. मूळ मृत्युपत्र, मृत्यू दाखला आणि अर्ज घेऊन फेरफार मागता येतो. मुंबईतल्या मिळकतीचे नियम वेगळे राहिले आहेत आणि त्यात अलीकडे बदलही झाले आहेत, तिथली मिळकत असेल तर वकिलाला विचारा.

घरात हा विषय काढायचा कसा? अशुभ वाटतं.

वडिलांना ‘मृत्युपत्र करा’ म्हणून सुरुवात करू नका. ‘आपल्या कुठल्या जमिनी आहेत ते एकदा सांगून ठेवा’ असं म्हणा. जुनी माणसं नंबरांनी बोलत नाहीत, नावांनी बोलतात: वरची वाडी, भाटलं, कोंडीतला कुणगा. ती नावं आणि गट नंबर जोडणारी एक वही त्यांच्याबरोबर बसून तयार करा. कुठला कोपरा कोणाशी बदलून घेतला, कुठलं कलम कोणी लावलं, कोणाचे पैसे द्यायचे राहिले, हे फक्त त्यांच्या डोक्यात असतं. गणपतीला किंवा मे महिन्यात सगळी भावंडं गावी असतात, तेव्हा ती वही सर्वांसमोर वाचा. सुनांना आणि मुलींना बाहेर पाठवून वाचू नका. बहुतेक घरांत वहीनंतर वडीलच म्हणतात, की आता हे लिहून टाकूया.

वकिलाची फी परवडत नाही. मदत कुठे मिळेल?

तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेल्यांनाही. १५१०० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं. जाताना चालू सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, घरपट्टीची पावती, आधार आणि ती वही बरोबर न्या.